किचन मॅनेजरची जाहिरात लिहायचीय, काम नेमकं कसं मांडू?

दादरचा_मालवणी:
नमस्कार मंडळी, दादरला आमचं छोटं मालवणी हॉटेल आहे, आई आणि मी मिळून बघतो. किचन मॅनेजर ठेवायचाय. मागच्या वेळी जाहिरातीत "अनुभवी, मेहनती, किचनची संपूर्ण जबाबदारी" एवढंच लिहिलेलं, माणूस खरंच चांगला मिळाला पण चार महिन्यांत सोडून गेला. जाताना म्हणाला, दादा, मासे कोणी घ्यायचे हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही. खरं होतं त्याचं. मी मार्केटला जायचो, आई कोळणीला फोन करायची, तोही ऑर्डर द्यायचा, एका शुक्रवारी तिन्हीकडून सुरमई आली आणि त्यातली बरीचशी शेवटी टाकावी लागली. ते अजून मनाला लागतंय. यावेळी नीट लिहायचंय, काय काय घालू?

भटारखाना१४:
१४ वर्षं किचनमध्ये काढलीत म्हणून सांगतो, आधी ते "संपूर्ण जबाबदारी" काढा. ते वाचलं की आम्हाला कळतं, हेल्पर आला नाही तर भांडीपण आपल्याच गळ्यात आणि बिघडलं की बोलणी पण आपल्यालाच. त्याने तुम्हाला न विचारता काय ठरवायचं ते लिहा. रोजची खरेदी किती रुपयांपर्यंत, खराब माल दारातून परत पाठवायचा हक्क आहे का, ड्युटी कोण लावणार. सुरमई अख्खी वजनावर घेता ना, मग साफ करून डोकं कालवणाला गेल्यावर तळायचे तुकडे किती पडले हे रोज लिहिणं त्याचं काम, नाहीतर एका प्लेटची कॉस्ट तुम्हाला कधीच कळणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मेनूतून काय काढायचं हे कोण ठरवणार, तेही लिहा.
आणि ब्रेक शिफ्ट असेल तर स्पष्ट सांगा. विरार-कल्याणचा माणूस दुपारी घरी जाऊन परत येऊ शकत नाही, त्याला पाठ टेकायला जागा आहे का? रात्री शेवटची लोकल मिळेल अशा वेळेत सुटणार का? पगार आकड्यात लिहा. "पात्रतेनुसार" वाचून चांगला माणूस फोनच करत नाही.

स्वच्छ_ओटा:
मी हॉटेलांच्या स्टाफला फूड सेफ्टीचं ट्रेनिंग देते. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नियमाने दर २५ माणसांमागे एक ट्रेनिंग घेतलेला सुपरवायझर लागतो, त्या ट्रेनिंगला फॉस्टॅक म्हणतात. तो मॅनेजरच असेल तर उत्तम, नसेल केलेलं तर फी तुम्ही भरणार असं लिहा. स्टाफची वर्षातून एकदा मेडिकल करून घेणं पण त्याच्याकडे द्या.
"स्वच्छता राखणे" असं मोघम नको. एका किचनमध्ये मी फ्रीजरच्या तापमानाचं रजिस्टर उघडलं तर महिनाभर रोज उणे १८ अंश, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं, आणि फ्रीजरमधली कोळंबी बोटाने दाबली तर मऊ लागत होती. म्हणून लिहा, दिवसातून दोनदा स्वतः थर्मामीटर लावून नोंद करणे, फ्रीज ५ अंशांच्या आत, गरम ठेवलेलं जेवण ६० च्या वर, फ्रीजर उणे १८. तळणीच्या तेलाचा टीपीसी (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेला की ते वापरायचं नाही, तेल फेकून द्यायचा निर्णय त्याचा, मालकाने अडवायचं नाही.

ठाणेकर_हॉटेलवाला:
सगळं बरोबर आहे पण जाहिरात एका पानात बसवा, बाकीचं जॉइनिंगच्या कागदावर. आणि मुलाखतीत सर्टिफिकेट बघत बसू नका, शनिवारची एक रात्र किचनमध्ये उभा करा, त्या दिवसाचे पैसे देऊन. ऑर्डरी तुंबल्यावर तो पोरांशी कसा बोलतो ते बघा.

दादरचा_मालवणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हॉटेल बंद केल्यावर आईसोबत बसून लिहून काढलं. पहिलीच ओळ अशी: मासे, भाजी, किराणा याची रोजची ऑर्डर फक्त किचन मॅनेजर देईल, मालक परस्पर देणार नाहीत. हे लिहायला आईला वेळ लागला, कोळणीशी तिचं तीस वर्षांचं नातं आहे, पण तयार झाली. मालवणी मसाला मात्र तीच करणार म्हणाली, तेही जाहिरातीत घातलंय, येणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं.