सगळेच साठेबाज नव्हते हो

'मार्च २०२० मध्ये लोकांनी उगाच घाबरून किराणा भरला' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. ९ तारखेला पुण्यात कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण सापडले तेव्हा आम्हीही हसण्यावारी नेलं होतं. २२ तारखेला बाल्कनीत थाळ्या वाजवून झाल्या. २४ ला रात्री आठच्या पंतप्रधानांच्या भाषणात २१ दिवस सगळं बंद म्हटल्यावर मात्र मी तशीच चप्पल घालून खाली पळाले. दूध, भाजी, औषधं चालू राहणार हे नीट कानावर पडायच्या आधीच वाण्याकडे रांग लागली होती. मला साखर-डाळ नको होती, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या हव्या होत्या. चारच उरल्या होत्या. औषधवाल्याने एकच पट्टी दिली, "बाकीच्यांनाही लागतात ताई" म्हणाला. तेव्हा राग आला होता, पण बरोबर होतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गाठी आधीच आणलेली होती म्हणून बरं, कडुलिंब मिळाला नाही. गुढी उभारली आणि लगेच दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायला घेतल्या! कोथिंबीरही साबणाच्या पाण्यात बुडवली होती मी एकदा. चटणीला आठवडाभर फेस येईल असं नवरा चिडवत होता.

कामाच्या मावशींना पूर्ण पगार दिला, पण त्यांचा नवरा बिगारी कामाला जायचा, त्याचं काम त्याच दिवशी थांबलं. एकदम महिन्याचं सामान भरणं त्यांच्या हातातच नव्हतं.