मॅलरीचा आर्थर आज कुणी वाचावा?

कोरडा पाषाण: इंग्रज मुद्रक कॅक्स्टननं १४८५ साली छापलेला मॅलरीचा आर्थर, म्हणजे आर्थर राजा आणि त्याच्या सरदारांच्या कथांचा ग्रंथ, अखेर अर्ध्यात सोडला. दोन सरदार भेटतात, भाले मोडतात, तलवारी उपसतात, रक्तबंबाळ होतात, मग एकमेकांची नावं विचारतात. पुढच्या प्रकरणात तेच. मनात काय चाललंय याचा पत्ता नाही. आजच्या वाचकानं वेळ का घालवावा?

सांजवात: काल हे वाचल्यापासून चिडचिड होतेय, म्हणून लिहितेय. जादूगार मर्लिन आर्थरला सांगतो, १ मेला जन्मलेलं मूल तुझा नाश करेल. आर्थर सरदारांघरची त्या दिवशीची सगळी बाळं मागवतो, गलबतात घालतो, समुद्रात सोडतो. गलबत फुटतं, बहुतेक बाळं मरतात, नेमकं तेच मूल, मॉर्ड्रेड, वाचतं. सरदार चिडतात, पण बरेचसे बोल लावतात तो मर्लिनला. आणि धाकापोटी, प्रेमापोटी गप्प बसतात. बस्स, एवढंच. अख्खा दरबार कळला की! आणखी कसलं मन हवंय तुम्हाला?

कोरडा पाषाण: ते मन तुम्ही घातलंत, ताई. मॅलरी लगेच रायन्स राजाकडे वळतो.

फटकळ: आणि बायकांना मदत करायची शपथ सरदारांना घालणारा हा लेखक! अभ्यासक ज्या मॅलरीला लेखक मानतात, त्याच्यावर दरोड्याचे आणि बलात्काराचे आरोप होते. लिहिलंय तेही तुरुंगात.

मे महिन्यातला: माझा वाढदिवस १ मे! शाळेत बक्षीस मिळालेल्या संक्षिप्त पुस्तकात फक्त आर्थरनं दगडातून तलवार उपसल्याची गोष्ट होती. बाळं चाळिशीत कळली. ही फसवणूक आहे.

फटकळ: मग आठ वर्षांच्या पोराला बुडालेली बाळं सांगायची?

मे महिन्यातला: कंसानं देवकीची बाळं शिळेवर आपटली, हे आजीनं जेवताना सांगितलं होतं. मी दहीभात संपवला.

फटकळ: अहो, कंस दुष्ट होता! इथं बाळं बुडवणारा नायक आहे. पोरानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? तुम्हाला मुलं नसावीत बहुधा.

मे महिन्यातला: दोन आहेत. वैयक्तिक होऊ नका.

सांजवात: नायकच बुडवतो, हेच तर मी सांगतेय! पाषाणराव, वाचताय ना?

कोरडा पाषाण: वाचतोय. कंसाचा धागा वेगळा काढा. बाळांपुरतं मान्य, ते प्रकरण मी घाईत उलटलं होतं. पण भाल्यांच्या त्या शेकडो पानांचं काय?

सांजवात: ती मीही भराभर उलटली.

कोरडा पाषाण: आता सांगताय!