मदत हवी आहे : लहान मुलांना फ्रेंच वाचन-लेखन केव्हा सुरू करावे?

नमस्कार. मी इंग्लंडमधील एका प्राथमिक शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा, जेमतेम अर्धा तास, फ्रेंच शिकवते. तेथे सप्टेंबर २०१४ पासून ७ ते ११ या वयोगटासाठी एक परकी भाषा अभ्यासक्रमात सक्तीची आहे आणि प्राथमिक शाळा सोडताना मुलांना काही वाक्ये आठवून लिहिता यावीत, अशी अपेक्षा आहे.

बोलण्यात मुले रमतात. खरी अडचण शब्द फळ्यावर लिहिला की सुरू होते. ऐकून ‘दोन’चा फ्रेंच शब्द अचूक म्हणणारे मूल तोच शब्द लिहिलेला पाहताच शेवटचा अनुच्चारित ‘एक्स’ ठासून उच्चारते आणि आधी कमावलेला उच्चारही हातचा जातो. (लिंगांचा गोंधळ वेगळाच. मराठीत टेबल नपुंसकलिंगी, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, याचे मला फारसे नवल वाटत नाही. पण इंग्रजी बोलणारी मुले ‘टेबल बाई कशी?’ असे विचारतात, तेव्हा ‘ते तसेच असते’ यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसते.)

पहिले सत्र पूर्णपणे तोंडी ठेवावे, की एकेका ध्वनीची अक्षरजोडी पहिल्या आठवड्यापासूनच दाखवावी? दुसरा मार्ग मला अधिक पटतो, परंतु अर्ध्या तासात तो संभाषणाचा वेळ खाईल, अशी भीती वाटते. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात या वयाच्या मुलांना फ्रेंच अथवा जर्मन शिकवणाऱ्यांनी आपला क्रम कसा ठेवला, हे कृपया सविस्तर कळवावे.