पुसट चित्र आणि अंधाऱ्या कडा

घरी बनवलेल्या प्रोजेक्टरचं भिंतीवरचं चित्र पुसट आणि त्याच्या कडा अंधाऱ्या दिसतात, अशी तक्रार आहे. या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पुसटपणा अंतरामुळे येतो. भिंगाचं नाभीय अंतर (समांतर किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर) १०० मिमी आणि भिंत २ मीटरवर असेल, तर पारदर्शिका (चित्र छापलेली पारदर्शक फिल्म) भिंगापासून सुमारे १०५ मिमीवर हवी. ३ सेंमीचं चित्र ५७ सेंमी होतं. २ मिमी इकडेतिकडे झालं तरी बिघडतं, म्हणून भिंग पुढेमागे करायला एकात एक सरकणाऱ्या नळ्या वापराच.

कडांसाठी पारदर्शिकेच्या लगेच मागे, दिव्याच्या बाजूला, तिच्याहून मोठं बहिर्वक्र भिंग लावा. ते प्रकाश पुढच्या भिंगाकडे वळवतं. दुधी प्लास्टिक नको, उजेड वाया जातो. एलईडी एकाच चिपचा घ्या.

पारदर्शिका दिव्याकडून सरळ वाचता येईल अशी धरून मग न उलटता १८०° फिरवा, म्हणजे वरची बाजू खाली येईल. काळा रंग फिका पडला तर दोन प्रिंट एकावर एक, अगदी तंतोतंत जुळवून.