पीआर, ग्रीन कार्ड, सेटलमेंट (परदेशात कायम राहायचा परवाना): फायलीचे आपापले किस्से टाका

एडिसनची वहिनी:
परवा भाचीचा फोन आला. तिच्या कंपनीने ग्रीन कार्डाचं काम काढलंय. पहिलाच प्रश्न, "मावशी, तुझ्या जन्मदाखल्यावर म्हणे नावच नव्हतं?" झालं, तेव्हापासून सगळं परत डोक्यात घोळतंय. म्हणून धागा काढला.

२०२० चा ऑक्टोबर. कोविडमुळे कौटुंबिक कोट्यातले व्हिसा पडून राहिले, ते नोकरीवाल्यांकडे वळले आणि ईबी-३ (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची तिसरी रांग) भारताची फायलिंगची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ वर आली, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांना अर्ज भरता येणार. ईबी-२, म्हणजे दुसरी रांग, तिकडे २०११ मध्येच रुतलेलं. माझी रांगेतली तारीख २०१४ ची. जो तो ईबी-२ मधून ईबी-३ मध्ये उड्या मारत होता, आम्हीही मारली. वकीलबाईंचा ईमेल: महिनाअखेरच्या आत सगळे कागद हवेत.

माझा जन्म वाईजवळच्या गावात, घरीच. ग्रामपंचायतीत नोंद बारशाआधीची, त्यामुळे वडिलांचं नाव, तारीख आणि पुढे नुसतं 'स्त्री'. भावाने शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि दोन प्रतिज्ञापत्रं करायचं ठरलं, एक आईचं, एक आत्याचं. आत्याने मसुदा वाचला आणि म्हणाली, "पाऊस कुठाय यात? कृष्णेला पूर होता, सुईण पलीकडे अडकली, मी एकटीने सगळं केलं, ते लिही की." भाऊ म्हणाला, आत्या, अमेरिकेला पुराशी काय देणंघेणं! ती सहीच करेना. शेवटी घातली एक ओळ. वकीलबाई म्हणाल्या, राहू द्या, प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाचा तपशील आहे, चांगलाच आहे.

तुमचं लिहा आता.

तांदूळवाली:
आत्या झिंदाबाद 😄
माझं पण नावाचंच लफडं. सासरी हौस, लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवीन नाव काढलं, पेढे वाटले. पासपोर्टपण त्याच नावाचा केला. डिग्री, मार्कशीट, पहिल्या नोकरीचं पत्र सगळं माहेरच्या नावाने. म्हणजे कॅनडाच्या फायलीत मी दोन बायका! ट्रान्सक्रिप्ट एकीचे, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) दुसरीची. मग राजपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि 'या दोन्ही व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, जिथे तिथे तेच तीन कागद जोडा. मुलीला सांगून ठेवलंय, तांदळात काय हवं ते काढू देत, पासपोर्टला हात लावायचा नाही.
पोळ्या राहिल्यात, नंतर येते.

बोका:
वहिनी मेडिकलच्या पाकिटाचं नाही लिहिलंत? डॉक्टर सील करून देतात ते. आमच्या हिने घरी येऊन उघडलं, म्हणे नावाचं स्पेलिंग बघत होते. परत डॉक्टर, परत सील 😂

एडिसनची वहिनी:
@बोका आमच्याकडे ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं होतं, सासूबाईंनी हळदकुंकू लावलं नाही एवढंच.

श्वाबियन पुणेकर:
जर्मनीचं त्या मानाने सरळ आहे हो. ब्लू कार्ड (शिकलेल्या नोकरदारांचा व्हिसा) असेल तर बी१ पातळीचं जर्मन आणि २१ महिने पेन्शनचा हप्ता भरलेला, की अर्ज. ए१ वर, म्हणजे अगदी प्राथमिक जर्मनवर, २७ महिने (पूर्वी ३३ होते). 'लेबेन इन डॉइचलँड' परीक्षेला ३३ प्रश्न, सेटलमेंटपुरते १५ बरोबर आले की झालं, आणि ३१० प्रश्नांची अख्खी यादी सरकारनेच जाहीर केलेली. आपण दहावीला २१ अपेक्षित घोकलेली माणसं.
अडलो कुठे, तर घराच्या चौरस मीटरवर. माणसामागे पुरेशी जागा लागते. आमच्या भाडेकरारात आकडाच नव्हता. घरमालक आजोबा पंचाहत्तरीचे, टेप घेऊन आले, मी एक टोक धरलं. बाल्कनी अर्धीच धरायची का पाव, यावर ते आणि शेजारचे आजोबा अर्धा तास भांडले. मी चहा केला.

तांदूळवाली:
आले. बाल्कनी किती धरली मग??

श्वाबियन पुणेकर:
पाव. 🙂 तरी बसलं.

क्रोयडनचा नाशिककर:
इथे युकेत आयएलआरला (इथली सेटलमेंट) मागच्या पाच वर्षांतला प्रत्येक प्रवास लिहायचा, कधी गेलो कधी आलो. कुठल्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर असून चालत नाही. जुनी तिकिटं शोधत ईमेल उपसत बसलो होतो.
त्यातल्या एका वर्षी पप्पांचं बायपास झालं, मग इन्फेक्शन. जायचं, यायचं, परत जायचं. रात्री दवाखान्याबाहेर बाकावर बसून मोबाइलवर दिवसांची बेरीज. भाऊ तिथेच झोपायचा, मला एक शब्द बोलला नाही कधी. पप्पा बरे होऊन घरी आल्यावर म्हणाले, "मोजतोयस ना? मग नीघ, माझ्यासाठी थांबू नकोस."
अर्ज १८० च्या आत बसला. पप्पा आता ठणठणीत, रोज गंगेवर (आमची गोदावरी) फिरायला जातात.

बोका:
🙏 काकांना नमस्कार सांगा. भावाला पण.

सडेतोड:
एवढी कागदं आणि वणवण करण्यापेक्षा परत का येत नाही? इकडे काय कमी आहे? पुण्यात दुप्पट पगार झालेत.

तांदूळवाली:
@सडेतोड धाग्याचा विषय वाचा. आणि दुप्पट कुणाचे झाले तेही सांगा, नवऱ्याचा रेझ्युमे पाठवते.

लिसनिंगचा बळी:
एक्स्प्रेस एंट्रीवाले (कॅनडाचा गुणांवर मिळणारा पीआर) कुणी नाही का? तिशी ओलांडली की वयाचे गुण दर वाढदिवसाला घसरतात. केक कापताना बायको म्हणाली, हॅपी बर्थडे, गेले पाच गुण.
मला आयईएलटीएसच्या लिसनिंगला ७.५. सीएलबी ९ (कॅनडाची भाषेची पातळी) साठी बाकी तिन्हीत ७ पुरतात पण लिसनिंगला ८ लागतात, का ते त्यांनाच ठाऊक. कानात आयुष्यभर लाउडस्पीकरवरची आरती, अजून काय होणार. पुढे प्रांताचं नामांकन मिळालं, त्याचे ६०० गुण एकरकमी, मग लिसनिंग गेलं उडत. आणि १३ फेब्रुवारी २०२१ आठवतेय का कुणाला? कटऑफ ७५ गुण! सत्तावीस हजारांवर जणांना एका दिवसात बोलावणं, पण फक्त कॅनडात काम केलेल्यांना. मी तेव्हा ठाण्यात बसून ४६० घेऊन बघत होतो.

ठिकाण नको:
लिहू का नको असं चाललं होतं. आमची तारीख अजून आलेली नाही. ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यात आपली गर्दी. आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर आहे म्हणून तीन-तीन वर्षं एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, वाढतो. मुलगी दोन वर्षांची होती आलो तेव्हा, आता कॉलेजात. २१ ची झाली की एच-४ (आमच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) मधून बाहेर, स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढायचा, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याची फी. ती म्हणते, "मी कुठली आंतरराष्ट्रीय?" तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुणाची तारीख आली त्याचं सरकारी पत्रक) आधी तीच उघडते, मला फक्त मान हलवून सांगते.

एडिसनची वहिनी:
@ठिकाण नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते तुम्हाला. मुलीच्या वयाच्या हिशोबात आय-१४० च्या मंजुरीला लागलेले दिवस वजा होतात, ते वकिलाने धरलंय का बघा. आमच्या ओळखीतल्या मुलाला त्याचाच उपयोग झाला.

ठिकाण नको:
धरलंय हो ताई. तरी नाही बसत. लिहा तुम्ही व्यनि.

मस्कतवाले काका:
आम्ही १९९४ पासून आखातात. आमच्याकडे फाइलच नाही बुवा, नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. तेवढं बरं, चौरस मीटर मोजायला कोणी येत नाही. दापोलीला घर बांधून ठेवलंय, आंब्याची कलमं लावलीत, माकडं खातात.

बोका:
काका, माकडांना पीआर मिळालाय तिथे.

नवीन शिंगरू:
वहिनी, आत्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना मिळेल का? माझंपण 'स्त्री' प्रकरण आहे, सांगली जिल्हा. १०० च्या स्टॅम्पवर चालतं ना?

एडिसनची वहिनी:
नावं झाकून टाकते संध्याकाळी. स्टॅम्पचं भावाला विचारलं, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा बंद, आता ५०० चा. आणि नोटरीला पानापानावर सही-शिक्का मारायला लावा, नुसता शेवटच्या पानावर नको.

नवीन शिंगरू:
धन्यवाद! आत्या नाहीये पण, काकू चालेल का? ती माहेरी गेली होती म्हणते तेव्हा.

तांदूळवाली:
मग ती काय लिहिणार, पूर होता म्हणून? 😂 दुसरं कुणी शोध गं, शेजारच्या आजी वगैरे.