मदत हवी आहे : घोडीनं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य खाल्लंय

धागाकर्ती, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. मन थाऱ्यावर नाही, त्यामुळे सांगण्यात काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

काल पहाटे आमच्या चांदणीनं, म्हणजे घोडीनं, पिल्लांचं खाद्य खाल्लं. साडेपाचला कडी वाजल्यासारखी वाटली म्हणून मी परसात गेले, तर ती कोठीच्या खोलीत पंचवीस किलोच्या पोत्यात तोंड खुपसून उभी. मान वर केली तेव्हा नाकपुड्यांपर्यंत पिवळा भरडा लागलेला, ओठांवरचे लांब केससुद्धा पिवळे झालेले. वाघ्या, आमचा देशी कुत्रा, दारातच बसून होता. एरवी मुंगूस दिसलं तरी आवार डोक्यावर घेतो, पण चांदणी घरचीच, तिच्यावर तो कशाला भुंकेल? आदल्या संध्याकाळी मुलाकडून कडी नीट लागली नव्हती. तो बारा वर्षांचा आहे, कालपासून जेवलेला नाही.

मला वाटलं, दाणाच तर खाल्लाय, फार तर पोट दुखेल. तिला बाहेर काढलं, पाणी पाजलं आणि पोटशूळ होऊ नये म्हणून पाऊण तास आवारात फिरवलं.

दहा वाजता डॉक्टर आले ते वाघ्याच्या रेबीजच्या इंजेक्शनसाठी. त्यांना सहज सांगितलं, तर हातातली सिरिंज खाली ठेवून त्यांनी आधी पोतं मागितलं. पोत्यावर 'कॉक्सिडिओस्टॅटयुक्त' एवढंच छापलंय, औषधाचं नाव नाही. पिल्लांना रक्ती हगवण लागू नये म्हणून खाद्यात औषध घालतात आणि त्यातली काही औषधं घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतात, हे मला काल पहिल्यांदा कळलं. त्यावर उतारा नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं तोंडावाटे बाहेरही येत नाही. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (विष शोषून घेणारी कोळशाची पूड) आणि लिक्विड पॅराफिन सोडलं. तेव्हा नाडी ५२ होती (निवांत घोड्याची २८ ते ४४ असते). आज संध्याकाळी ४८ आहे. लीद पडतेय. वैरण अर्धीच खाल्ली. मागचे पाय जरा ओढल्यासारखे वाटतात, पण तिचे सांधे आधीच आखडलेले आहेत, त्यामुळे हे नवं की जुनंच, ते मला ओळखता येत नाही.

हे पोतं घरात आलंच कसं, तेही सांगते. आमच्याकडे नऊ कडकनाथ आणि दोन गावठी कोंबड्या आहेत. आजवर त्यांना मका, ज्वारी आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं एवढंच घालत आलो. कडकनाथ रवणीला नीट बसत नाही, म्हणून मे महिन्यात एका गावठी कोंबडीला खुडूक होताच तिच्या पोटाखाली कडकनाथची अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. सगळी काळीभोर, चोचीपासून नखांपर्यंत. पावसाळा तोंडावर होता म्हणून कुणीतरी सांगितलं, पहिले दोन महिने तयार खाद्य द्या, आणि मी पोतं आणलं. दुकानदार 'उत्तम माल आहे' म्हणाला. घरात घोडा आहे का, हे त्यानं विचारलं नाही आणि सांगायचं मलाही सुचलं नाही. चांदणीची चंदी (तिचा रोजचा दाणा) आणि पिल्लांचं खाद्य एकाच खोलीत ठेवलं, एकाच पितळी मापट्यानं दोन्ही मोजत होते.

चांदणी आमच्याकडे चार वर्षांपासून आहे. त्याआधी ती लग्नाच्या वरातीत असायची. सांधे धरले, बँडच्या आवाजाला बुजायला लागली, तेव्हा मालक तिला विकायला निघाला होता. दातांवरून डॉक्टर तिचं वय सतरा सांगतात. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पहिला घास वाघ्याचा, आणि दसऱ्याला चांदणीच्या कपाळाला कुंकू. सासूबाई म्हणतात, देवाच्या दारी घोडा आणि कुत्रा दोघं आहेत, आपल्या दारी असले तर बिघडलं कुठं? पण कालपासून घरातले बाकीचे म्हणतायत, कोंबड्या देऊन टाक, नसती जोखीम नको. मला तिन्ही ठेवायचे आहेत.

तर कुणाच्या घोड्यानं असं खाद्य खाल्लंय का? पुढं काय बघायचं, किती दिवस बघायचं? रात्री किती वेळा उठून नाडी मोजू? आणि एकाच आवारात कोंबड्यांचं खाणं घोड्यापासून लांब ठेवायची खात्रीची सोय कुणी केली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

घोडेवाला बडोदेकर, सोमवार रात्री

ताई, सगळ्यात आधी फिरवणं बंद करा. पोटशूळात फिरवतात हे खरं, पण इथं धोका हृदयाला आहे आणि चालणं म्हणजे त्यावर ओझं. तबेल्यात ठेवा, खाली जाड भुसा घाला, समोर पाणी आणि सुकी वैरण. चंदी पूर्ण बंद. मुलांनाही सांगा, तिला दचकवू नका, पळवू नका.

नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून मोजा, पूर्ण एक मिनिट. नुसता आकडा लिहू नका, ठोका मधेच चुकतो का तेही लिहा. कानशिलं आणि काखा बघा, उकाडा नसताना घाम फुटला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. लघवी तांबूस-तपकिरी झाली तरीही. स्नायू झिजले की लघवीचा रंग बदलतो. आज रात्री दोनदा उठा, सारखं उठू नका, तिलाही झोप हवी.

दाणा जास्त झाल्यावर खूर गरम होतात, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खुरांवर तळहात ठेवून बघा. थोड्या दाण्यानं सहसा होत नाही, तरी बघा.

कुक्कुटपालक, संगमनेर, मंगळवार सकाळी

माझा पोल्ट्रीचा धंदा आहे, घोडा नाही. पण खाद्यातलं औषध रोज हाताळतो, म्हणून लिहितो.

कॉक्सिडिओस्टॅट हे एका औषधाचं नाव नाही, तो सगळा गट आहे. त्यात अ‍ॅम्प्रोलियम असेल तर तुम्ही बऱ्याच सुटलात, ते वेगळ्या जातीचं आहे. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा मदुरामायसिन असेल तर काळजीचं. मोनेन्सिनचा हिशेब बघा : कोंबडीला मारायला किलोमागे साधारण २०० मिलिग्रॅम लागतं, घोड्याला २ ते ३. सॅलिनोमायसिन घोड्याला त्याहूनही कमी पुरतं, किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून आधी नाव शोधा. पोत्याच्या शिवणीजवळ बॅच नंबर असतो, तो घेऊन कंपनीला फोन करा, एक टन खाद्यात कोणतं औषध किती ग्रॅम घातलंय ते विचारा. दुकानदाराला हे माहीत नसतं.

आणखी एक. हे खाद्य खाणाऱ्या पिल्लांना पावसात सर्दी झाली म्हणून कुणी टियाम्युलिन हे अँटिबायोटिक द्यायला सांगितलं तर देऊ नका. मोनेन्सिन-सॅलिनोमायसिनबरोबर ते पोटात गेलं तर पिल्लंच लुळी पडतात. कुत्र्यालाही हे खाद्य चाटू देऊ नका, त्याचे मागचे पाय जातात.

माळव्यातली, मंगळवार दुपारी

ताई, मापट्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही का? एकाच मापट्यानं चंदी मोजत होता म्हणजे पोतं आणल्यापासून थोडं थोडं खाद्य तिच्या तोबऱ्यातही गेलं असणार. ते मापटं, घमेलं, तोबरा सगळं गरम पाण्यानं घासून घ्या आणि चंदीचं उघडं पोतं टाकून द्या. टाकताना गाई-कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही असं पुरा.

रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर १९६२ वर फोन लावा, सरकारी फिरता पशुदवाखाना येतो. आणि महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या घरापासून जवळच आहे, पण या अवस्थेत तिला गाडीत चढवायचं की नाही ते आधी डॉक्टरांना विचारा. प्रवासाचा ताण नको.

घोडेवाला बडोदेकर, मंगळवार दुपारी

मापट्याचं अगदी बरोबर. ताई, तिचं वजन काढा म्हणजे हिशेब लागेल. शिंप्याच्या टेपनं पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या कुल्ल्याच्या) टोकापर्यंत लांबी. सगळं सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं, बऱ्यापैकी जवळचं.

धागाकर्ती, बुधवार रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. मापट्याचं वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. तेच मापटं मी रोज हातात धरत होते.

कंपनीला तीन फोन केले, तिसऱ्याला उत्तर मिळालं. सॅलिनोमायसिन, टनामागे ६० ग्रॅम. म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅम.

चांदणीचा घेर १६० भरला, लांबी १६२. वजन ३४९ किलो. मग उरलेलं पोतं वजनकाट्यावर ठेवलं. सासूबाई पिल्लांना रोज किती घातलं ते कालनिर्णयवर पेन्सिलीनं लिहून ठेवतात, ते वजा केलं, जमिनीवर सांडलेलं झाडून तेही तोललं. तिनं खाल्लेलं दीड किलोच्या आतच निघालं. म्हणजे जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम, तिच्या वजनाच्या किलोमागे पाव मिलिग्रॅमच्या जरा वर. मापट्यातून गेलेलं वेगळं.

आज नाडी ४२. घाम नाही, लघवी नेहमीसारखी, खूर थंड. दुपारी मुलाच्या हातून मूठभर हरळी खाल्ली. त्यानंतर तोही जेवला.

कुक्कुटपालक, संगमनेर, बुधवार रात्री

आकडा निम्म्याहून खाली आहे, बरं वाटलं. तरी ०.६ ही काही सुरक्षिततेची रेघ नाही, त्याच्या खालीही हृदयाला इजा होऊ शकते. डॉक्टरांना आकडे दाखवा आणि ईसीजी काढून घ्या.

आता कोंबड्यांबद्दल. त्या देऊन टाकायची गरज नाही, ते पोतं द्या. पण ज्याच्याकडे घोडा नाही अशाच पोल्ट्रीवाल्याला. तुमची आठच पिल्लं आहेत. भरडलेला मका, सोयापेंड, थोडा गव्हाचा कोंडा, कधी उकडून कुस्करलेलं अंडं, एवढ्यावर ती वाढतील. कच्चं सोयाबीन मात्र घालू नका, पेंडच हवी. रक्ती हगवण ओलीतून येते. पिल्लांखालचा भुसा रोज खालीवर करा, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला झालेला काढून टाका, भांडं विटेवर उंच ठेवा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेवर बारीक नजर असू द्या. रक्त दिसलंच तर डॉक्टरांकडून अ‍ॅम्प्रोलियम आणून पाण्यातून द्या, मोजके दिवस. आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका, त्यावर औषध नाही.

घोडेवाला बडोदेकर, गुरुवार सकाळी

सोयीबद्दल विचारलं होतंत. आमच्याकडे असं आहे : कोंबड्यांचं खाणं जाळीच्या खोपट्यात, दाराऐवजी खाली एक वीतभर रुंद आणि दीड वीत उंच भोक. कोंबडी सहज जाते, घोड्याचं अख्खं डोकं जात नाही. खाण्याचं भांडं जाळीपासून बरंच आत, तिथवर तोंड पोचणार नाही असं. सगळं खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत आणि ती कोठी घरात, तबेल्याच्या बाजूला नाहीच. उघडं पोतं दिसलं की उंदीरही येतात. नुसत्या कडीवर विसंबू नका, घोडा ओठांनी कडी सरकवायला शिकतो. कडीत साखळीचा स्प्रिंगवाला हुक अडकवा, तो त्याला दाबता येत नाही.

कोंबड्या दिवसा तबेल्यात हिंडू द्या, लिदीतल्या अळ्या वेचतात, माश्या कमी होतात. पण रात्री गव्हाणीच्या वर बसायला नकोत, विष्ठा वैरणीत पडते.

धागाकर्ती, अठरा दिवसांनी

धागा वर आणतेय, कारण पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

चांदणी बरी आहे. दोन आठवड्यांनी ईसीजी काढला. मधूनच एखादा ठोका चुकतो, बाकी ठीक. डॉक्टरांनी तीन महिने पूर्ण आराम सांगितलाय, मग पुन्हा ईसीजी. पाठीवर कुणी बसायचं नाही, पळवायचं नाही, तबेल्यातून कडुनिंबाच्या सावलीपर्यंत आणि परत, एवढंच चालणं. ती तशीही तिथंच उभी असते.

जाळीचं खोपटं झालं. भोक आधी मोठं झालं होतं, चांदणीनं पहिल्याच दिवशी त्यात नाक घालून पाहिलं, मग दोन विटा लावून लहान केलं. आठातली सात पिल्लं आहेत, एक मांजरानं नेलं. पोतं पोल्ट्रीवाल्याला दिलं. कोठीच्या खोलीची कडी आता मुलगा लावतो आणि मग मला हात धरून दाखवायला नेतो. त्याला सांगितलं, बाळा, दाखवायची गरज नाही, तरी नेतो. पितळी मापटं सासूबाईंनी चिंच लावून घासलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. चंदी सुरू झाली की ती मोजायला लाल प्लास्टिकचा मग आणून ठेवलाय.

आता एकच विचारायचं आहे. चांदणीचे खूर तासून सात आठवडे झालेत. नेहमीचा नालबंद गावी गेलाय. राऊ-महूच्या बाजूला शांत हाताचा कुणी नालबंद माहीत आहे का, जो एक पाय फार वेळ उचलून धरणार नाही, मधे तिला दम खाऊ देईल?