अण्णांच्या डोळ्यात रंग टाकून तपासायचं म्हणतात, टाकू द्यावा का?

कराडची_लेक:
नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय. परवा उसाचं पाचट काढताना अण्णांच्या (वय ६२) डाव्या डोळ्याला पान लागलं. गावातल्या मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवस घातले. लाली थोडी उतरली, पण खुपणं तसंच आहे. पाणी गळतंय, उजेड सोसत नाही. आज डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मॅडम म्हणाल्या, "रंग टाकून बघते." त्यावर अण्णा खुर्चीतून उठलेच! शेजारच्या काकांना गेल्या वर्षी डोळ्याच्या तपासणीत असाच रंग दिला होता, तेव्हा त्यांना उलटी झाली आणि अंग पिवळं पडलं. ते अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलंय. उद्या सकाळी परत न्यायचंय. कोणी हा रंग टाकून घेतलाय का? त्रास होतो का? न टाकता तपासणी होते का?

चष्मेवाला_पुणे:
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर आणि डोळे तपासणारा) आहे, रोज हाच रंग लावतो. आधी एक काम करा. मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. पुढचा थेंब घालू नका आणि बाटली उद्या सोबत न्या. पाला-पाचोळा लागून झालेल्या जखमेत बुरशी शिरू शकते. स्टिरॉइडने लाली उतरते, माणसाला बरं वाटतं, आणि आत बुरशी फोफावत राहते. पुढे बुबुळावर फूल पडतं ते बऱ्याचदा अशा जखमांमुळेच.

आता रंगाबद्दल. काकांना दिला तो आणि अण्णांना देणार तो, बहुतेक दोन्ही एकच, फ्लोरेसीन. फरक वाटेचा आहे. काकांना तो हाताच्या शिरेतून दिला असणार, डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बघायला. अण्णांच्या डोळ्याला तो फक्त वरून लागेल.

कागदाची एक पट्टी असते, टोकाला केशरी रंग सुकवलेला. त्यावर सलाईनचा थेंब टाकतात, जास्तीचा झटकतात आणि खालची पापणी ओढून आतल्या बाजूला पट्टी टेकवतात. बुबुळाला लावत नाहीत. दोनतीनदा डोळे मिचकावले की रंग पसरतो. मग खोलीतला दिवा मंद करून, हनुवटी टेकवायच्या यंत्रातून निळा उजेड टाकतात. निळ्या उजेडात हा रंग हिरवा चमकतो. बुबुळाचा सगळ्यात वरचा थर शाबूत असेल तिथे रंग टिकत नाही, अश्रूंबरोबर वाहून जातो. जिथे खरचटलंय तिथे मुरतो. काचेवरचा बारीक चरा समोरून दिसत नाही, त्यात हळद भरली की दिसतो, तसंच.

नुसती जखम आहे एवढंच कळतं असं नाही. उभे समांतर ओरखडे दिसले तर वरच्या पापणीखाली कुसळ अडकलंय असं समजून आम्ही पापणी उलटून बघतो. झाडाच्या फांद्यांसारखी आकृती दिसली तर हर्पीस नावाच्या विषाणूचा संशय घेतो. हिरव्या रंगात एखादी काळपट धार वाहताना दिसली तर बुबुळाला आरपार भोक पडून आतलं पाणी बाहेर येतंय, ती तातडीची बाब. रंगाशिवाय तपासणी होते, पण यातलं बरंचसं निसटतं. म्हणून मी तर सांगेन, नक्की टाकू द्या.

कराडची_लेक:
दादा, बाटली बघितली. डेक्सामेथासोन आहे. सोबत एक अँटिबायोटिकही लिहिलंय. बंद केले. तुम्ही विचारलं नसतं तर आज रात्रीही घातले असते.

गोड_काका:
तुमच्या शेजाऱ्यांसारखीच माझी तपासणी झालीय. मधुमेह आहे, पडद्याला सूज आली होती, म्हणून पडद्याच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी केली. आधी बाहुली मोठी करायचे थेंब, मग कोपराच्या आतल्या शिरेत सुई. रंग आत गेल्यावर थोड्याच वेळात पोटात ढवळलं. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "काका, तोंडानं मोठे श्वास घ्या, मिनिटभरात जाईल." खरंच गेलं. फोटोंचे झगझगीत फ्लॅश चालूच होते. अंग संध्याकाळपर्यंत पिवळसर, आणि लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत गडद पिवळी. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. तुमच्या शेजाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं, हे मला फार लागतं. अर्धी भीती तिथेच गेली असती.

शिरेतून द्यायचा असेल तर दमा, कुठल्या औषधाची ॲलर्जी, किडनीचा त्रास, हे सगळं आधी सांगायचंच. क्वचित जोरदार ॲलर्जी येते, म्हणून इंजेक्शनची तयारी शेजारी ठेवलेली असते. अण्णांचा प्रकार यातला नाही, निर्धास्त जा.

निवृत्त_रसायन_मास्तर:
अण्णा शेतकरी आहेत ना, मग त्यांना पाण्याची गोष्ट सांगा. हा रंग अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली बनवला. त्यांना पुढे १९०५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी जमिनीत गडप होतं. ते कुठे जातं हे शोधायला १८७७ साली तिथे हाच रंग १० किलो ओतला. सुमारे ६० तासांनी तो बारा किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यात हिरवा होऊन वर आला. फट कुठे आहे आणि पाणी कुठे मुरतंय, हे दाखवण्यात हा रंग पटाईत. डोळ्यात तेच काम करतो. विहिरीचा झरा शोधणाऱ्या माणसाला हे पटकन पटेल.

बाळाची_आई_नाशिक:
माझ्या सात महिन्यांच्या मुलाला टाकला होता. त्याचा एक डोळा सारखा पाणावायचा. दोन्ही डोळ्यांत रंग टाकून पाच मिनिटं थांबले. एका डोळ्यातला निघून गेला, दुसऱ्यात साचून राहिला, म्हणजे नाकाकडे जाणारी नळी बंद. रडला तो फक्त धरून ठेवलं म्हणून.

मृणाल_ठाणे:
एक उपप्रश्न. मी सॉफ्ट लेन्स वापरते. आणि माझ्या आईला कोरड्या डोळ्यांसाठी हिरवा रंग लावला होता, तो हाच का?

चष्मेवाला_पुणे:
लेन्स आधी काढायची, नाहीतर ती रंग शोषून कायमची पिवळी होते. नंतर डोळा धुऊन, डॉक्टर सांगतील तेवढा वेळ थांबून मगच घालायची. आईचा बहुधा लिसामाइन ग्रीन, तो वेगळा रंग. पांढऱ्या भागावरच्या सुकलेल्या, मरगळलेल्या पेशी तो चांगला दाखवतो. पूर्वी त्यासाठी 'रोज बेंगॉल' नावाचा रंग वापरायचे, तो फार झोंबायचा.

लेक ताई, उद्यासाठी तीन गोष्टी राहिल्या. पट्टी नव्या पाकिटातून डोळ्यासमोर फोडलेली हवी. पूर्वी हा रंग बाटलीत द्रावण करून ठेवत, आणि त्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढत. जखमी बुबुळाला ते फार घातक, म्हणून तर सुक्या पट्ट्या आल्या. दुसरं, तपासताना भूल देणारा थेंब टाकला की खुपणं एकदम थांबेल. अण्णा तो घरी मागतील, पण मागू देऊ नका. तो वारंवार घातला तर जखम भरत नाही. तिसरं, नंतर नाक शिंकरलं तर रुमाल पिवळा होईल, घशात कडवट लागेल. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, त्याबरोबर रंगही. घाबरू नका.

कराडची_लेक:
जाऊन आलो. झऱ्याची गोष्ट रात्रीच सांगितली होती. अण्णा गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "किती किलो म्हणालीस?" मॅडमनी पाकीट आमच्यासमोर फोडलं. रंग लावताना ते जराही हलले नाहीत. मी विनंती केली म्हणून मलाही यंत्रातून बघू दिलं. बुबुळावर चार उभ्या हिरव्या रेघा, अगदी तुम्ही लिहिल्या तशा! वरची पापणी उलटली तर पानाचं केसाएवढं कुसळ रुतलेलं. तीन दिवस प्रत्येक मिटण्याला ते घासत होतं, या विचारानं मला रडूच आलं. ते काढलं. रेघांशिवाय कडेला दोन मिलिमीटरची एक जखम आहे. तिच्या कडा स्वच्छ दिसतायत, पण स्टिरॉइड पोटात... म्हणजे डोळ्यात गेलेलं असल्यामुळे बुरशीवर लक्ष ठेवायचं म्हणून रोज बोलावलंय. नवे थेंब दर दोन तासांनी.

रुमाल पिवळा झाला. अण्णांनी तो शेजारच्या काकांना नेऊन दाखवला. उद्या परत रंग टाकून जखम किती उरली ते मोजणार आहेत, आणि नऊ वाजता तयार राहा असं या वेळी अण्णांनीच मला बजावलंय.